दोन बार आणि तिसरा कान

त्या दिवशी येलहंक्यावर दाट धुकं उतरलं होतं. मार्गशीर्षातलं आमच्याकडचं धुकं मोठं हट्टी. हवाई दलाची विमानं त्याला मान देऊन थांबतात, पण दूधवाला थांबत नाही. त्याची घंटी आधी येते, सायकल मागून येते आणि माणूस दिसेपर्यंत दूध ओतून झालेलं असतं. समोरच्या नारळाला नुसतं खोड होतं, शेंडा नव्हता. गारठा असा की माझ्या काळ्या अंगावर दव साचलं होतं. अजून उजाडायचं होतं, आणि मी वाजलो.

मी खंडोजीच्या घरातला टेलिफोन बोलतोय. खरं म्हणजे बोलणं हे माझं काम नाही. लोक माझ्यातून बोलतात, मी वाट देतो. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकलं, आता म्हातारपणी थोडं आपलं सांगतो. सावकाश सांगेन. माझी चकती ज्यांनी फिरवली असेल त्यांना ठाऊक आहे, घाई मला जमत नाही. शून्य फिरवलं तर जागेवर परत यायला मला एक सुस्कारा लागतो.

शाळा मी पाहिली नाही. अंगावर दहा आकडे लिहिलेत, तेवढीच माझी विद्या.

माझा जन्म याच बंगळूरातल्या सरकारी कारखान्यातला. एका बाईनं माझ्या पोटात घंटेच्या दोन वाट्या बसवल्या, टिचकी मारून पाहिली आणि म्हणाली, "सरी." कन्नडात सरी म्हणजे ठीक. तेच माझं बारसं. पहिली काही वर्षं एका कचेरीत गेली. तिथं मी वाजलो की सगळे माझ्याकडे बघायचे, मग एकमेकांकडे बघायचे. उचलायचं कोणी नाही. धीर धरायला मी तिथं शिकलो.

मग मला पुसून-बिसून खंडोजीकडे पाठवलं. खंडोजीनं अर्ज केला तेव्हा त्याची मुलगी रक्षिता पाळण्यात होती. मी आलो तेव्हा ती माझ्यावर हात ठेवून पाढे म्हणत होती. गोजराबाईनं, म्हणजे खंडोजीच्या बायकोनं, मला हळद-कुंकू लावलं, शेवंतीची माळ घातली. माळेतला एक किडा माझ्या चकतीत शिरला आणि आठवडाभर पाच हा आकडा लागेना. तरी कोणी रागावलं नाही. इतका मान मला कचेरीत कधी मिळाला नव्हता.

खंडोजीचं कॉफी दळून विकायचं दुकान. पुढं दुकान, मागं घर आणि मध्ये भिंतीतल्या कोनाड्यात मी. माणूस फारसा शिकलेला नाही, पण बिया नुसत्या वासावर ओळखायचा. ही मंडळी मराठी खरी, पण शहाजीराजांच्या वेळेपासून इथलीच. त्यांच्या मराठीत कन्नड असं मिसळलंय जसा कॉफीत चिकोरीचा अंश. वेगळा काढता येत नाही आणि काढला तर चव जाते.

गल्लीत फोन म्हणजे मीच एकटा. त्यामुळे मी खंडोजीचा कमी आणि गल्लीचा जास्त. शेजारच्या कौसल्याअक्काचा मुलगा फौजेत, जम्मूला. त्याचा फोन माझ्यावर. मागच्या गल्लीतल्या जयतीर्थांचा मेहुणा मस्कतला, त्याचाही माझ्यावर. जो तो आपल्या माणसांना माझाच नंबर द्यायचा आणि पुढं म्हणायचा, "खंडोजीअण्णांना सांगा, ते हाक मारतील." खंडोजी दळण थांबवून, हातावरची पूड झटकत गल्लीत जाऊन हाका मारायचा. वर कधी कोणाला म्हणून बोलून दाखवायचा नाही.

शिवाय आमच्या लोकांच्या सवयी. बाहेरगावचा फोन पहाटे सहाच्या आत करायचा, तेव्हा दर कमी पडतो. सुखरूप पोचलो तर एकदा वाजवून ठेवून द्यायचा. उलट फोन हवा असेल तर दोनदा वाजवून ठेवायचा. उचलायचं नाही, पैसा लागत नाही. मला हे बरं वाटायचं. एका घंटीत आई निर्धास्त होऊन कुशीवर वळायची.

तर त्या धुक्याच्या पहाटे मी वाजलो तो निपाणीहून. तिथले चंद्रकांतराव तंबाखूच्या वखारीचे मालक. त्यांच्या मुलासाठी रक्षिताला मागणी आली होती आणि पसंती होऊन गेली होती. चंद्रकांतराव फोनवर असे बोलत की मधल्या तारांची गरजच वाटू नये.

"काय पाव्हणं, उठला का न्हाई?"

"उठलो की. दळणच लावतोय."

"मग ऐका. माघातला मुहूर्त निघालाय. माझ्या धाकटीचंबी जमलंय त्याच दिवशी. दोन्ही बार एकदमच उडवून टाकू!"

"उडवूया की," खंडोजी म्हणाला. "एक तुमच्याकडचा, एक आमच्याकडचा."

"पर आत्ताच बोभाटा नको. लोकांची नजर वाईट. आन ती तुमची पावडर पाठवा बघा. कडक पायजे. चमचाभर टाकली की झोप उडाली पायजे!"

"दळून डब्यात भरून ठेवलीय. ओल मात्र लागू देऊ नका."

"बसवाल्याकडं द्या. आत काय हाय सांगू नका त्येला. मागल्या बारीला निम्मी त्यानंच उडवली."

एवढ्यात कोणीतरी खोकलं. खंडोजी नाही आणि चंद्रकांतरावही नाहीत.

"कोण खोकतंय हो?" खंडोजीनं विचारलं. "क्रॉस कनेक्शन झालंय वाटतं. अहो, जे कोण असाल ते, छातीतला खोकला आहे हा. आलं ठेचा, गुळाबरोबर घ्या. अंगावर काढू नका."

माझ्या तारेवर बरेच दिवस हा तिसरा कान बसला होता. खंडोजीला ठाऊक नव्हतं, मला होतं.

त्या सुमारास शहरात कुठंतरी काही घातपात शिजतोय अशी सरकारला कुणकुण लागली होती. काळजी खरी होती, त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. वाईट माणसं असतात आणि माझ्यासारख्याच तारांवरून बोलतात. पण भातातला खडा काढायचा म्हणून सरकारनं गावभरचे तांदूळ आपल्या सुपात ओतून घेतले. कोण कोणाला फोन करतो, किती वाजता करतो, काय काय शब्द बोलतो, ते सगळं एका कॉम्प्युटरला भरवायचं. मग तो जुळवून सांगणार. तिसरा कान उत्तरेकडचा होता. त्याला कन्नड स्वल्प आणि मराठी त्याहून स्वल्प. "मराठी तो हिंदी जैसी ही है, साहब," असं तो साहेबांना सांगायचा. हे मला कसं ठाऊक, असं विचाराल. आमचं ऐकताना तो आपल्या रिसीव्हरचं तोंड झाकायला विसरायचा. चोरून ऐकायचं शिक्षण त्याला दिलं होतं, गप्प बसायचं राहून गेलं होतं.

साहेबांचं नाव उपेंद्र. हुशार, तरुण, कपड्यांना इस्त्री. त्या दिवशी त्यांच्या कचेरीतून मला एवढं ऐकू आलं:

"काय म्हणाला? नीट सांग."

"सर, दो बार उड़ा देंगे. एक इधर, एक उधर. एक ही दिन."

"बार? दारूचे बार?"

"और कौन से, सर? और पाउडर भी तैयार है. डिब्बे में. गीला नहीं होना चाहिए."

मग कळा बडवल्याचा आवाज आला. कॉम्प्युटर विचार करायला लागला.

तोही माझ्यासारखाच विजेवर जगणारा, पण शिकलेला. त्यानं काय काय जुळवलं बघा. हा खंडोजी पहाटे काळोखातच फोन करतो. याचा एक माणूस जम्मूला, एक मस्कतला, एक निपाणीला. याच्याकडे फोन एकदा वाजून बंद होतो, कधी दोनदा वाजून बंद होतो. म्हणजे खुणा. याच्याशी बायकांच्या आवाजात, म्हाताऱ्यांच्या आवाजात, कन्नडात, तमिळात, कोकणीत वेगवेगळी माणसं बोलतात. म्हणजे टोळी. आणि घर कुठं, तर विमानांच्या तळाजवळ. अख्ख्या गल्लीची मायाममता खंडोजीच्या एकट्याच्या नावावर जमा झाली, आणि बिचारा कोळ्यासारखा जाळ्याच्या मधोमध जाऊन बसला.

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही," उपेंद्र साहेब म्हणाले.

मी म्हणतो, तेही खरं. त्याच्या ताटात जे वाढलं ते त्यानं खाल्लं.

दुसऱ्या दिवसापासून येलहंक्यातल्या प्रत्येक बारमध्ये साध्या कपड्यातला एकेक पोलीस बसू लागला. तिसऱ्या कानाला त्यांचे निरोप यायचे. सकाळचे निरोप स्पष्ट असत, संध्याकाळचे जरा जड जिभेचे. "बार जागेवर आहे, सर. मी आत बसून खात्री केली. अजून थोडा वेळ खात्री करतो." बारवाल्यांची मात्र चांदी झाली. बंगळूरात बार किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यातले नेमके दोन कोणते, यावर कचेरीत रोज वाद.

इकडं घरात लग्नाची तयारी. गोजराबाई शेवया वळायची, खंडोजी मांडववाल्याला फोन करायचा. अधूनमधून खोकला ऐकू आला की खंडोजी विचारायचा, "आलं घेतलं का?" एकदा पलीकडून चुकून उत्तर आलं, "लिया, अंकल." आणि लगेच कोणीतरी कोणाच्या तरी पाठीत गुद्दा घातल्यासारखा आवाज आला.

आणि रक्षिता. ती घड्याळाच्या कारखान्यात कामाला होती. चिमट्यानं केसाएवढे स्क्रू बसवायचं काम. नुकतीच कायम झाली होती. पूर्वी कारखान्यात बरोबर असलेली तिची मैत्रीण अक्षरा आता जे. पी. नगरला राहायची. आई देवळात आणि वडील गिरणीच्या घरघराटात असले की रक्षिता माझी चकती हळू फिरवायची. तिचा हात मला ओळखू यायचा, कधी एकही आकडा चुकायची नाही.

एका संध्याकाळी ती अक्षराला म्हणाली, "मुलगा वाईट नाही गं. पण निपाणीत घड्याळं कोण बनवतं? मी तिथं तंबाखू मोजत बसू का?"

"मग नाही म्हण."

"अप्पांनी विचारलंच नाही. पेढेच आणले एकदम. इतके खूश होते... मला धीर झाला नाही. तुला म्हणून सांगितलं हं. कुणाला बोलू नकोस."

अक्षरानं कुणाला सांगितलं नाही. मी तर सांगणारच नव्हतो. माझ्या पोटात गल्लीची सगळी गुपितं होती आणि घंटेच्या वाट्यांखेरीज मी कधी काही वाजवलं नाही. पण त्या वेळी तारेवर श्वास तीन होते.

पुढं तपास निपाणीला पोचला. दोन माणसं चंद्रकांतरावांच्या वखारीत गेली, तंबाखूचा भाव विचारल्यासारखं करून खंडोजीबद्दल खोदून खोदून विचारू लागली. त्या रात्री गावभर झालं की बंगळूरचे पाव्हणे बॉम्बवाले आहेत.

मी वाजलो. "पाव्हणं," चंद्रकांतरावांचा आवाज प्रथमच बारीक झाला होता, "तुमच्या घरात काय भानगड हाय ती आम्हाला नको. हे लगीन ठरलंच नव्हतं असं समजा." आणि ठेवून दिला.

गोजराबाई पदर तोंडात धरून बसली. खंडोजी माझा रिसीव्हर बराच वेळ हातात धरून होता, जणू काही राहिलेलं बोलणं त्यातून गळेल.

त्यानंतर चारच दिवसांनी उपेंद्र साहेब घरी आले. दोन जीप, आठ माणसं. सगळ्या डब्यांची झाकणं उघडली, पुडीत हात घातले. एक हवालदार पूड हुंगता हुंगता इतका शिंकला की बाकीचे आडवे झाले. दाराबाहेर गल्ली जमली. कौसल्याअक्का सगळ्यांच्या पुढं.

साहेबांनी कन्नडात विचारपूस सुरू केली. एकजण लिहून घेत होता.

"मूळ कुठले?"

"इथलेच, स्वामी."

"त्याआधी?"

"त्याआधी शहाजीराजांबरोबर आलो म्हणतात."

"या शहाजीचा पत्ता?"

खंडोजी गप्प. लिहिणाऱ्यानं 'पत्ता देण्यास टाळाटाळ' असं लिहिलं. ते तो मोठ्यानं म्हणत लिहायचा, म्हणून मला कळलं.

"बार कधी उडवणार होता?"

खंडोजीला क्षणभर कळेना. मग कळलं, आणि त्या सगळ्या घाबरलेपणातही तो हसला. "अय्यो, तो बार होय! बार म्हणजे मदुवे, स्वामी. आम्ही मराठी लोक लग्नाला बार उडवला म्हणतो. माझ्या मुलीचं मदुवे!"

मला वाटलं, संपलं. आता साहेबही हसतील, गोजराबाई कॉफी टाकेल. पण साहेबांचा चेहरा उलट घट्ट झाला. ते आपल्या माणसाकडे वळून हळूच म्हणाले, "ऐकलंस? लग्न. आपल्या सांकेतिक शब्दांच्या यादीत पहिलंच आहे. घातपाताला हे लोक आपसात लग्न म्हणतात."

"नाही हो! खरंच लग्न!"

"कोणाशी?"

"निपाणीच्या चंद्रकांतरावांच्या मुलाशी."

"आमची माणसं तिथं जाऊन आली. ते म्हणतात, आमच्याकडे असं काही लग्न नाही."

"तुमची माणसं गेली म्हणून तर मोडलं!"

साहेबांनी मान हलवली. "म्हणजे लग्न नाही. मग बार कसला होता?"

आता लग्न झालं तरच ते लग्न होतं हे ठरणार होतं, आणि संशय फिटला तरच लग्न होणार होतं. दाराशी कौसल्याअक्का कडाडली, "काय रे बाबा साहेबा, याच्या मुलीच्या अक्षता तू तुझ्या मशीनवर टाकणार काय?" तिला एका पोलिसानं मागं सारलं.

"लावा फोन निपाणीला," साहेब म्हणाले. "माझ्यासमोर बोला."

खंडोजीनं माझी चकती फिरवली. दोनदा आकडा चुकला. मी हळूहळू परत येत राहिलो, माझ्याच्यानं तेवढंच होण्यासारखं होतं. माझा आवाज मोठा. खोलीत सगळ्यांना ऐकू येत होतं. रक्षिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"चंद्रकांतराव, एकदा पोलिसांना सांगा की लग्न ठरलं होतं. आणि जमलं तर... माझ्या पोरीचा काय दोष?"

"आम्ही काय वळखतो तुमास्नी? घर कसं, पोर कशी, कोण सांगणार?"

तेव्हा ऐकून ऐकून मराठी उमगू लागलेला तिसरा कान आपणहून बोलला. माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं.

"मैं बताता हूँ, साहब!" खोकून तो पुढं म्हणाला, "मैं सरकार की तरफ से बोल रहा हूँ. चार महीने से इनका हर फोन सुन रहा हूँ. ऐसा घर नहीं देखा मैंने. मेरी खाँसी तक का पूछते हैं. और लड़की? हीरा है, साहब! उसका मन नहीं था शादी का. फैक्टरी की नौकरी छोड़ना नहीं चाहती थी, सहेली से कह रही थी. फिर भी बाप का दिल न टूटे इसलिए चुप रही. आजकल ऐसी लड़की मिलती है क्या?"

खोलीत गिरणीचा पट्टा तेवढा लोंबकळत हलत होता.

चंद्रकांतराव मात्र खुलले. मुलगी बघायच्या आधी चार ठिकाणी चौकशी करायची ही आपली रीतच, आणि इथं तर सरकारनं चार महिने बसून, फुकटात चौकशी करून दिली होती. "असं म्हणता? मनात नसूनबी बापाच्या शब्दाभाईर न्हाई? मग अशीच सून पायजे आम्हाला! पाव्हणं, इसरा सगळं. उडवून टाकू बार!"

उपेंद्र साहेबांनी बार शब्द ऐकला आणि कान टवकारले.

खंडोजीनं रिसीव्हर कानापासून दूर धरला. त्यानं रक्षिताकडे पाहिलं.

"खरं काय ते?" त्यानं मराठीत विचारलं.

रक्षिताचा चेहरा लाल झाला होता. पण वडिलांचं म्हणणं तिच्या कानात शिरलंच नसावं. ती माझ्याकडे बघत होती. घरात परका माणूस शिरलेला सापडावा तसं.

"मी अक्षराला सांगितलं होतं," ती म्हणाली. "फक्त अक्षराला."

"मला का नाही सांगितलंस, मगळे?"

"तुम्ही विचारलं कुठं, अप्पा?"

खंडोजीनं मान खाली घातली. आठ पोलीस, एक साहेब आणि दाराबाहेरची गल्ली, एवढ्यांसमोर त्या घरातलं हे पहिलं खरं बोलणं झालं. मग त्यानं मला परत कानाशी नेलं. आवाज शांत होता.

"चंद्रकांतराव, तुमच्या धाकटीचा बार उडवा. मी येईन, पावडरही आणीन. आमचा मात्र राहू द्या. आमची वात ओली झालीय."

"अहो पर सरकार सांगतंय पोरगी चांगली हाय म्हणून!"

"म्हणूनच," खंडोजी म्हणाला आणि मला जागेवर ठेवलं.

साहेबांनी आपल्या माणसाला विचारलं, "वात? वात म्हणजे?"

पुढचं मी तिसऱ्या कानाच्या उघड्या तोंडातून ऐकलं. वरच्या साहेबांकडे कळवलं गेलं की संशयितानं तपासाच्या दबावाखाली येलहंक्यातला बार उडवण्याचा बेत सोडला. वात ओली असल्याचं त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. कॉम्प्युटरची कामगिरी वाखाणण्यात आली. ज्याअर्थी माघात एकही बार उडाला नाही, त्याअर्थी सगळं खरं होतं. उपेंद्र साहेबांना बढती मिळाली आणि कचेरीला आणखी एक कॉम्प्युटर. तो पहिल्याहून जास्त जेवणारा होता म्हणे.

खंडोजीला कोणी पकडलं नाही. माफीही कोणी मागितली नाही. पुडीचे डबे ज्यांनी उघडले त्यांनी झाकणं लावली नाहीत, आणि त्या महिन्याच्या कॉफीला ओल लागली.

रक्षिता कारखान्यात राहिली. तुम्ही म्हणाल, मग चांगलंच झालं की. झालं असेल. तिला हवं ते मिळालं, पण जे तिनं एक दिवस आपल्या तोंडानं, आपल्या वेळेला सांगितलं असतं ते सरकारनं सांगून टाकलं. त्यानंतर तिनं अक्षराला कधी फोन केला नाही. मनातलं काही बोलायचं झालं की रविवारी दोन बस बदलून, अख्खं शहर ओलांडून, येलहंक्याहून जे. पी. नगरला जायची आणि तेवढंच बोलून परत यायची.

गल्लीही बदलली. माझ्यावर फोन यायचे, पण बोलणं सुकून गेलं. "बरं आहे. सगळं बरं आहे. ठेवते." जम्मूहून कौसल्याअक्काचा मुलगा विचारायचा, "अम्मा, तब्येत कशी?" ती म्हणायची, "सरी आहे." त्या हिवाळ्यात तिला दिसेनासं होत चाललं होतं. ते मुलाला कळायला त्याची सुट्टी यावी लागली. मुलगा रागावला, फोनवर का नाही सांगितलंस? ती म्हणाली, माझे डोळे काय सरकारला दाखवू?

तिसरा कान अजून होता. एकदा, सगळे ठेवायच्या बेतात असताना, हळूच म्हणाला, "अंकल, खाँसी अब ठीक है." खंडोजी नुसतं "सरी," म्हणाला. पूर्वी असता तर पथ्यही सांगितलं असतं.

त्या गोष्टीला आता काही वर्षं झालीत. खंडोजीकडे बटणांचा नवा फोन आला, हलका, पांढरा, प्रत्येक आकड्याला पिपाणीसारखा वाजणारा. एका माणसानं येऊन माझी वायर कापली. परत न्यायला कोणी आलं नाही, म्हणून गोजराबाईनं मला दुकानाच्या फळीवर, रिकाम्या डब्यांच्या मध्ये बसवलंय. दसऱ्याला फूल वाहते. मला काही ऐकू येत नाही आता तारेवरचं. फक्त गिरणी आणि गिऱ्हाईक.

जाता जाता एवढंच मागतो. माझ्यामागून जी यंत्रं येतील ती माझ्यापेक्षा शिकलेली असतील. त्यांना जरूर शिकवा, सगळ्या भाषा शिकवा, बार म्हणजे काय तेही सांगा. पण ऐकलेलं पोटात ठेवायला कोणी शिकवेल का त्यांना? आम्हाला ते कोणी शिकवलं नव्हतं, तरी येत होतं. आणि लेकीबाळींना, म्हाताऱ्यांना, घरातल्या घरात विचारत जा. सरकारनं विचारायच्या आधी.

काल दुपारी कौसल्याअक्का आली. चष्मा जाड झालाय, चाचपत चाचपत येते. खंडोजी जेवायला आत गेला होता, दुकानात कोणी नव्हतं. तिनं फळीवर हात फिरवला, मला ओळखलं, माझ्या पाठीमागं बोटं घालून वायर शोधली. तुटकं टोक हाताला लागलं. ते तिनं दोनदा ओढून पाहिलं. मग स्टूल ओढून माझ्याजवळ बसली, दाराकडे एकदा वळून पाहिलं आणि तोंड माझ्या कानाशी आणून म्हणाली:

"तुटलीय ना अण्णा तुझी वायर? सरी. आता ऐक, तुला सगळं सांगते."